सात खिळे आणि एक खडा

विलास दळवीने मला लंगडी घोडी चांगली म्हणून विकली. हे आधी स्पष्ट लिहिते, कारण पुढचं वाचून लोक ते विसरतील. आमच्या बग्गीवाल्यांच्या ग्रुपवर सध्या वेगळीच गोष्ट फिरतेय... त्यात माझं कौतुक आहे. ते कौतुक खोटं आहे. म्हणून जे झालं ते जसं झालं तसं इथे लिहिते आहे.

भुताखेतांच्या अनुभवांचा हा कॉलम मी बरीच वर्षं वाचते. खरं सांगायचं तर हसायला वाचते. पांढरी साडी, पिंपळ, मागून हाक... माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. वेळही नव्हता. सतरा वर्षांपूर्वी मी लग्नाच्या गाड्या फुलांनी सजवून द्यायचे, पहाटे दादरला जाऊन फुलांच्या पाट्या स्वतः डोक्यावर आणायचे. आज माझ्या स्वतःच्या दोन बग्ग्या आहेत. कुणी दिल्या नाहीत. भांडून, भाव करून, एकेक चाक जमवून उभ्या केल्यात. माझ्याशी भाव करायला लोक घाबरतात आणि माझा आवाज वर गेला की शेजारच्या गाळ्यातलं वेल्डिंग थांबतं, असं माझे मिस्टर म्हणतात.

शेड साकीनाक्याला आहे. मेन रोडवरून आत, लोखंडाच्या गाळ्यांची रांग संपते तिथे शेवटची. वर पत्रा, खाली कोबा, तीन बाजूंना भिंत आणि पुढे लोखंडी गेट. आत तीन घोडे उभे राहतील एवढे कप्पे, प्रत्येकापुढे सिमेंटची गव्हाण. गेटला एकच कुलूप, त्याच्या दोन चाव्या. एक माझ्याकडे, एक बबनकडे. बबन म्हणजे आमचा सईस. घोड्यांचं खाणंपिणं, खरारा, बग्गी हाकणं, सगळं तोच बघतो. अकरा वर्षं आहे माझ्याकडे. राहतो मागच्याच चाळीत. गेटसमोर शेजारच्या वेल्डिंगवाल्याचा कॅमेरा आहे. त्यात आमचं गेट अख्खं दिसतं. हे सगळं एवढ्यासाठी सांगते की पुढे तुम्ही विचारणार.

घोड्यांच्या बाबतीत माझ्याकडे कुणी बोट दाखवू शकत नाही. माझ्या बग्गीपुढे फटाके लावले तर बग्गी जागेवर उभी राहते, हे मी बुकिंगच्या कागदावरच लिहून घेते. डीजेच्या गाडीपासून वीस पावलं लांब. कानात कापूस. साजाखाली गादी रोज उन्हात. घाम सुकल्याशिवाय पाणी नाही. मोती आणि सुलतान, माझे दोन घोडे, त्यांच्या खांद्यावर एक घट्टा दाखवा. हे दयेपोटी नाही हं. जखम झालेला घोडा कामाला उभा राहत नाही, एवढा सरळ हिशेब आहे.

तर दिवाळीच्या आधी मला तिसरं जनावर हवं होतं. तुळशीचं लग्न झालं की आमचा सीझन लागतो आणि सुलतानला सलग दोन दिवस जुंपायचं नाही असं मी ठरवलं होतं. कुणीतरी दळवीचं नाव सांगितलं. मुलुंडला, डोंगराच्या पायथ्याशी त्याचा तबेला आहे. मी आणि बबन गेलो.

घोडी बघताक्षणी आवडली. पांढरी, कपाळावर राखाडी झाक, डोळा शांत. नाव राणी. बाजारातली प्रत्येक दुसरी घोडी राणीच असते. वय चौदाच्या आसपास. आधी शहरात व्हिक्टोरियाला, त्या घोडागाड्यांना होती, त्या बंद झाल्यावर दोन-तीन हात फिरून इथे आली, असं दळवी म्हणाला. मी तिला पाच फेऱ्या चालवून बघितली. दोन्ही पुढचे पाय सारखे पडत होते, फक्त पाऊल छोटं.

"पाऊल आखडतेय," मी म्हटलं.

"वहिनी, वरातीला आखूड पाऊलच लागतं," दळवी म्हणाला. "लांब टांगा टाकणारी घेऊन जाल तर नवरा हॉलवर पोचेल आणि वऱ्हाड मागे नाचत राहील."

"गोड बोलू नकोस. आखूड पाऊल म्हणजे म्हातारं जनावर. भाव खाली आण."

"म्हातारी काय... चारही नाला नव्या मारल्यात परवा. दीड महिना तुम्हाला नालबंदाचं तोंड बघायला नको. ते पण माझ्याकडूनच."

त्या नव्या नालांचं मला फार बरं वाटलं. वर काहीतरी फुकट मिळालं की माझी अक्कल बाजूला होते, हे आता कळतंय. दोन तास भाव केला. त्याला घाम फोडला. निघताना त्याने हात जोडले आणि म्हणाला, "तुमच्यासारखं गिऱ्हाईक परत नको." मी गाडीत बसून हसत होते. दोन तास भाव करण्यात घालवले, आणि पाय उचलून बघायला दोन मिनिटं घालवली नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला बबनचा फोन. "वहिनी, जरा येता का? राणीची नाल निघालीय."

नाल निघते, त्यात नवल काही नाही. मी म्हटलं उचलून ठेव, करीमचाचांना बोलावते. तो म्हणाला, "नाही... तुम्ही येऊन बघाच."

उजव्या पुढच्या पायाची नाल गव्हाणीच्या कट्ट्यावर ठेवलेली होती. तिच्या शेजारी खिळे. सात. चार एकत्र, मग बोटभर जागा, मग तीन. सगळ्यांची डोकी भिंतीकडे. आणि ओळीच्या शेवटी, जरा सोडून, एक चपटा खडा. चिंचोक्याएवढा. गुळगुळीत.

मला वाटलं बबनने मांडलंय. मी विचारलं तर तो म्हणाला त्याने हातसुद्धा लावला नाही. गेटला कुलूप होतं, ते त्यानेच आत्ता उघडलं.

करीमचाचा आमचे नालबंद. मूळचे महाडकडचे, आता जोगेश्वरीला मुलीकडे असतात. सत्तरी पार केलेला माणूस, पण घोड्याचा पाय मांडीत घेतला की हात हलत नाही. त्यांनी आधी खूर पाहिला, मग खडा उचलून बोटांत फिरवला.

"बाय, कुठून घेतलीस घोडी?"

"मुलुंडहून. का?"

"डावा पाय अधू असणार हिचा. जुना. एका पायाने लंगडलं तर आंधळ्याला पण दिसतं. म्हणून चांगल्या पायाच्या नालेखाली खडा घालायचा. मग दोन्ही पाय सारखे दुखतात. दोन्ही दुखले की लंगडणं दिसत नाही. पाऊल फक्त आखूड दिसतं."

माझ्या कानशिलातून वाफा निघाल्या. आखूड पाऊल म्हणून मी भाव कमी करून घेतला होता, आणि तो आतल्या आत हसत असणार.

चाचांनी खूर माझ्यासमोर धरला. तळव्यावर चिंचोक्याएवढा काळानिळा डाग. मग खुराच्या कडेवर बोट फिरवलं. "हे बघ. भोकं. बाकी तीन खुरांना एकेकदा मारल्याची आहेत. याला बघ किती... महिन्या-दीड महिन्यात चार-पाच वेळा ठोकलीय ही नाल. आता खिळ्याला जागा शोधावी लागेल मला."

"नालबंद अडाणी असेल त्याचा," मी म्हटलं. तेव्हा माझं लक्षच नव्हतं त्यात.

"ठोकणारा अडाणी असेल," चाचा म्हणाले. "काढणारा नाही. कडेची एक कपची उडालेली नाही. आणि खिळे मोजून ठेवलेत. आता कोण मोजतं? आमच्या उस्तादांच्या वेळची रीत ती. नाल काढली की खिळे ओळीत मांडायचे, बाहेरचे चार, आतले तीन. एक कमी भरला तर गवत झाडून काढायचं. एक खिळा गवतात राहिला आणि घोड्याने पाय दिला की संपलं." मग बबनकडे बघून म्हणाले, "तू शिकलास कुठे?"

"चाचा, मी नाही काढली," बबन म्हणाला.

चाचांनी त्या दिवशी नाल मारली नाही. पाय मोकळा ठेवा म्हणाले. चार दिवसांत उजवा पाय बरा झाला आणि घोडी डाव्या पायाने लंगडायला लागली. अगदी त्यांनी सांगितलं तशी. डॉक्टर आले, डाव्या पायाची मागची नस दाबून बघितली. जुनी दुखापत, आता पूर्ण बरी होणार नाही. डांबरी रस्त्यावर ओझं ओढायला लावाल तर सहा महिन्यांत उभी राहणार नाही. म्हणजे माझ्या सीझनची वाट लागली.

मी खडा पिशवीत घातला आणि मुलुंडला गेले.

दळवी पान लावत बसला होता. मी खडा त्याच्यासमोर ठेवला. "हे काय?"

"खडा," तो म्हणाला. "मुंबईत खड्यांची काय कमी आहे का वहिनी?"

"तुझ्या नालेखाली निघाला."

"तुमच्या शेडमधला असेल. घोडी तुम्ही चालवून घेतलीत. पाच फेऱ्या. माझ्या सईससमोर."

मी जे बोलायचं ते बोलले. ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो पान दुमडत होता. मग मी म्हटलं, "माझ्या नालबंदाने काढली नाही ती नाल. आपोआप निघून गव्हाणीवर येऊन बसली. खिळे ओळीत मांडलेले. तुझं पाप घोडीलाच सहन झालं नाही."

मी हे टोमणा म्हणून बोलले होते. पण दळवीचा हात थांबला. पान अर्धंच दुमडलेलं. मला म्हणाला, "किती?"

"काय किती?"

"खिळे."

"सात."

त्याने पान खाली ठेवलं. "घोडी परत आणू नका," तो म्हणाला. "मी घेणार नाही." मी परत घे म्हटलंच नव्हतं अजून. मग त्याने आतून सईसला हाक मारली आणि मला गेटपर्यंत सोडायला सांगितलं... अक्षरशः बाहेर काढलं मला.

घरी आले. मिस्टर जेवत होते. सगळं ऐकून म्हणाले, "तुका मुलुंडाक जावक कोणी सांगितल्यान?" मी ताट आपटलं. पण डोक्यात दुसरंच चालू होतं. मला फसवलं. ठीक. मग तोटा मीच का सोसायचा? घोडी दिसायला देखणी. खडा माझ्याकडे. रीत कळलेली.

हो. मी तेच ठरवलं. इथे लपवायचं असतं तर लिहायलाच बसले नसते.

करीमचाचांना विचारलं. ते म्हणाले, "नाही."

"चाचा, तुमचं काम नाल ठोकायचं आहे. मी सांगेन तशी."

"ठोकायचंच काम आहे, बाय. लंगडं करायचं नाही." आणि पेटी उचलून गेले. चहासुद्धा घेतला नाही.

मी दुसरा नालबंद आणला. त्याने एका शब्दाने विचारलं नाही की खडा कशाला. म्हणजे धंद्यात किती जणांना हे माहीत असेल बघा. त्याने नाल मारली, घोडी दोन्ही पायांनी आखूड चालायला लागली. झकास. मी ग्रुपवर फोटो टाकला. घाटकोपरहून एकाचा लगेच फोन. त्याचं नाव लिहीत नाही. दुसऱ्यांच्या बग्ग्या हाकण्यात त्याची दहा वर्षं गेली होती. टेम्पो विकून स्वतःचं पहिलं जनावर घेणार होता. म्हणाला, गुरुवारी बायकोला घेऊन येतो.

मंगळवारी सकाळी नाल गव्हाणीवर. चार खिळे, बोटभर जागा, तीन खिळे. शेवटी खडा.

या वेळी मी बबनवर घसरले. चाचांनी कान भरले असणार, दुसरं कोण? अकरा वर्षं माझं मीठ खाऊन मला शिकवायला निघालास, असं बरंच काही. तो एवढंच म्हणाला, "वहिनी, मला पटलं नसतं तर खडा काढून तुमच्या हातात दिला असता. ओळीत मांडून कशाला ठेवू? मी काय घाबरतो तुम्हाला?"

"घाबरत नाहीस तर चावी दे."

त्याने चावी गव्हाणीवर ठेवली आणि गेला. दुपारी कळलं, गावी निघून गेला, जुन्नरला.

वेल्डिंगवाल्याकडे जाऊन मी कॅमेरा बघितला. सोमवार संध्याकाळ ते मंगळवार सकाळ, पूर्ण. बबन कुलूप लावतो. दोन कुत्री येऊन बसतात, उठून जातात. बबन कुलूप उघडतो. मधे गेटपाशी माणूस नाही. मी दोनदा बघितलं. मग म्हटलं मागच्या पत्र्यातून आला असेल कुणी. जाऊन प्रत्येक पत्रा हलवून बघितला, एकही सैल नव्हता. तरी मी स्वतःला तेच सांगत राहिले. माणूस जे मानायचं ठरवतो ना, त्याला पुरावा लागत नाही.

बुधवारी संध्याकाळी तोच नालबंद परत बोलावला. "जागा नाही राहिली खुरात," म्हणाला. तरी मारली. राणीने पाय मागे ओढला, मी तिचं तोंड धरलं. दोन्ही चाव्या घरी माझ्या उशाखाली. गुरुवारी सहालाच गेले. नाल जागेवर. बोटांनी चाचपली, सातही खिळ्यांची वळवलेली टोकं हाताला लागली. मला एवढं बरं वाटलं... बबनच होता तर.

खाणं दिलं, तिला आंघोळ घातली. पुन्हा नाल बघितली. साडेनऊ वाजले होते. मग गेटमध्ये, उंबऱ्यावर खुर्ची टाकून बसले. पाठ गेटच्या खांबाला, तोंड आत. शेड पूर्ण नजरेसमोर. ते लोक अकराला येणार होते. त्या दीड तासात मी खुर्चीवरून उठले नाही. आत कुणी गेलं नाही, जायचं तर माझ्या अंगावरून जावं लागलं असतं. दिवसाचं लख्ख ऊन, शेजारी ग्राइंडर चालू, रस्त्यावर माणसं.

दहाच्या सुमाराला फुलवाल्याचा फोन आला. सीझनच्या झेंडूचा दर. माझं आणि त्याचं जुंपलं. तो बोलत होता, मी बोलत होते, आणि नजर राणीवर होती. तिने उजवा पुढचा पाय उचलला. गुडघ्यात वाकवून, खूर मागे, तळवा वर. नालबंदापुढे घोडा धरतो तसा. मला दिसत होतं. मी फोनवर "अरे एवढा दर तर दसऱ्याला नव्हता" असं काहीतरी म्हणत होते. पाय तसाच. बराच वेळ. एकदा तिने मान वळवून खाली, पायाकडे पाहिलं आणि कान सैल सोडले. मग पाय हळूच खाली आला... टेकवल्यासारखा.

ज्यांनी घोडे सांभाळलेत त्यांना सांगायला नको. घोडा मागचा पाय ढिला सोडून उभा राहतो, तासन्‌तास राहतो. पुढचा पाय असा वाकवून, वर धरून, आपणहून कुणी ठेवत नाही. तो कुणीतरी धरावा लागतो. मी इतकी वर्षं घोड्यांत आहे आणि हे मला माहीत होतं. पण मी झेंडूचा दर पाडत होते.

आवाज म्हणाल तर काहीच नाही. नाल काढायची म्हणजे आधी खिळ्यांची टोकं ठोकून उघडावी लागतात, मग सांडशीने ओढायची. शेजारी ग्राइंडर होता, हे खरं. पण तेवढा आवाज ग्राइंडरमध्येही लपत नाही.

अकराला ते दोघं आले. त्याच्या बायकोने पिशवीत तांब्या, हळदकुंकू, नारळ आणला होता. पहिलं जनावर घरी न्यायचं तर पाय धुवून, हळदकुंकू लावून न्यायचं, अशी त्यांच्याकडची पद्धत. मी भाव करायच्या तयारीत बसले होते आणि ती बाई सरळ आत गेली, खाली बसली, आणि राणीच्या खुरांवर पाणी घालायला लागली. डावा पुढचा. मागचे दोन. प्रत्येकावर हळद, कुंकू. तिचा नवरा मला सांगत होता, "ताई, हिने रात्रभर झोपू दिलं नाही. जागा झाडून ठेवलीय, गूळ आणून ठेवलाय. पोर येणार असल्यासारखं चाललंय."

"ताई," आतून ती म्हणाली. "याला नाल नाहीये."

उजव्या खुराला नाल नव्हती. खूर ओला नव्हता, पण स्वच्छ होता, आकड्याने कोरून काढल्यासारखा. मी गव्हाणीकडे बघायच्या आधीच मला माहीत होतं काय दिसणार.

तो माणूस गव्हाणीपाशी गेला. खिळ्यांना त्याने हात लावला नाही. खडा उचलला. "हा कसला खडा?"

खोटं तोंडात आलं होतं. नाल सैल होती म्हणून मीच काढून ठेवली, खडा काय कुठूनही येतो. भाव करताना याहून मोठं खोटं मी चहा पितापिता बोलले आहे. पण ती बाई अजून खालीच बसली होती, हातात कुंकू घेऊन, आणि राणीने तो उघडा पाय तिच्यापुढे उचलून धरला होता. या वेळी आम्ही सगळे बघत होतो. तळव्यावरचा काळा डाग दिसत होता.

मी सगळं सांगितलं. दळवी, डावा पाय, खडा. फक्त एक सांगितलं नाही, की खडा दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदा मी घातला होता. त्यांनी समजून घेतलं की दळवीचीच नाल होती ती, आणि मी त्यांच्यासाठी काढून, पुरावा मांडून ठेवली होती.

"ताई, तुमच्यासारखं कोण सांगतं आजकाल," तो म्हणाला. "टेम्पो गेला असता माझा, आणि ही घोडीपण गेली असती."

बायकोने उठताना चौथ्या खुरालाही कुंकू लावलं. घेऊन जायची नव्हती तरी. नारळ गव्हाणीवर ठेवून गेली.

तर ग्रुपवर जे फिरतंय, प्रामाणिक बाई, आदर्श बग्गीवाली वगैरे, त्याची ही हकिकत आहे. बंद करा ते. घाटकोपरच्या त्या भल्या माणसाने हे वाचलं तर त्याला जे बोलायचं ते त्याने मला फोन करून बोलावं. मी ऐकून घेईन.

बबनला मी जुन्नरला जाऊन आणलं. माफी मागायची मला सवय नाही. मी म्हटलं, "चल, सुलतान चंदी खात नाहीये तुझ्याशिवाय." तो म्हणाला, "सुलतान काय करतो ते सांगू नका, तुम्ही काय करता ते सांगा." मग मागितली. एसटीत येताना त्याला राणीने पाय कसा उचलून धरला ते सांगितलं. घाट उतरल्यावर तो म्हणाला, "वहिनी, तिला कुणीतरी फार जपलेलं आहे."

करीमचाचांनी उजव्या पायाला परत नाल मारली. साधी, खडा नाही. भोकं चुकवत पाच खिळ्यांवरच बसवली. डाव्याला आत चामड्याची पट्टी घालून. त्याला आता दोन महिने होतील. एकदाही निघालेली नाही. राणी बग्गी ओढत नाही. हॉलच्या दारात फोटोसाठी उभी राहते, तेवढंच. तिच्या खाण्याएवढंही त्यातून सुटत नाही आणि मी तिला विकणार नाही. सीझन मोती आणि सुलतानवर काढला, चार तारखा सोडून दिल्या. आता रोज सकाळी मी तिन्ही घोड्यांचे बाराही पाय स्वतः उचलून बघते.

काय झालं ते मला माहीत नाही. डॉक्टरांना विचारलं, ते हसले. चाचांना विचारलं, ते म्हणाले, "मी खूर बघतो, बाय. बाकीचं मला नको विचारूस." कॅमेऱ्याचं त्या गुरुवारचं रेकॉर्डिंगही बघितलं. गेटमध्ये मी बसलेय, फोनवर हातवारे करतेय. आत-बाहेर कुणी नाही. माझ्याकडे काहीही स्पष्टीकरण नाही.

पण एका माणसाकडे आहे. त्या खुराला चार-पाच वेळा ठोकल्याची भोकं माझ्या शेडमधली नव्हती. विलास दळवी, ती तुझ्या तबेल्यातली आहेत. तुझ्याकडेही ती नाल निघत होती आणि तू परत परत ठोकत होतास. तिच्या पायात जागा संपेपर्यंत ठोकलीस, आणि मग माझ्या गळ्यात मारलीस. नाहीतर खिळ्यांचं नाव काढल्यावर पहिला प्रश्न "किती" असा कुणी विचारतं का?

मला पैसे परत नकोत. भावात सूट नको. मी हे कुणाला आयुष्यात पहिल्यांदा म्हणते आहे. व्हिक्टोरियावर तिला कोण हाकत होतं, तेवढं नाव सांग. घरचं कुणी असेल त्यांचा पत्ता सांग. तू हा कॉलम वाचतोस, मला माहीत आहे, तुझ्या सईसने बबनला सांगितलं. तीनदा फोन केला, उचलला नाहीस. आता सगळ्यांसमोर विचारते आहे. त्या माणसाचं नाव काय होतं?